पहिली मॅच कव्हर करताय? या चुका टाळा

कॉलेजात असताना मी नंदुरबारच्या एका कबड्डीपटूची बातमी पाठवली. आडनाव वळवी. छापून आलं 'वाळवी'. पोरगं दोन दिवस वर्गात मान खाली घालून बसलं. मोबाईलच्या कीबोर्डनं घोळ केला, हे मी कुणाकुणाला सांगणार?

खानदेशात नावांची भानगड मोठी. जळगाव-धुळ्याकडच्या संघात सातपैकी चार-पाच पाटील सहज निघतात आणि आपण बिनधास्त लिहितो, 'पाटीलने दमदार चढाया केल्या.' कोणत्या पाटलानं? सामना सुरू होण्याआधीच गुणलेखकाच्या टेबलाशी जा, संघाच्या यादीचा फोटो घ्या. जर्सीच्या नंबरापुढे पूर्ण नाव आणि गाव लिहा. मग खेळाडूलाच विचारा: वसावे की वसावा, पावरा की पवार. पावराचा पवार आपण इतक्यांदा केलाय की त्या पोरांनी सांगणंच सोडलंय.

दुसरी गल्लत आकड्यांची. क्रिकेटमध्ये 12.4 षटकं म्हणजे 12 षटकं आणि 4 चेंडू. 84 धावांना थेट 12.4 नं भागलं तर धावगती 6.77 येते; खरी 76 चेंडूंवरून काढायची, ती 6.63. खो-खोतही तेच. 1.50 मि. संरक्षण म्हणजे 1 मिनिट 50 सेकंद. बातमीत त्याचं 'दीड मिनिट' झालं, की पळणाऱ्याचे 20 सेकंद आपण खाल्ले.

कबड्डीत समोर किमान सहा बचावपटू असल्याशिवाय बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळत नाही. 'शेवटच्या चढाईत बोनस घेऊन सामना जिंकला' असं लिहिण्याआधी मैदानात किती जण उरले होते ते वहीत बघा. वहीच म्हणतोय मी. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात मोबाईल तापून बंद पडतो, बॉलपेन पडत नाही.

यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत डावाचं नाव अंदाजानं ठोकू नका. हलगी वाजतेय, धूळ उडतेय, चार सेकंदांत खेळ खल्लास. कडेला बसलेल्या जुन्या पैलवानाला विचारा, "वस्ताद, ढाक लावली का पट काढला?" तेही जमलं नाही तर 'चितपट केलं' पुरतं.

आयोजकांची प्रेसनोट जशीच्या तशी उतरवली तर पहिला परिच्छेद दीपप्रज्वलनात जातो आणि विजेता संघ चौथ्यात सापडतो. उलटं करा.

खेळाडूला "कसं वाटतंय?" विचारलं की "चांगलं वाटतंय" एवढंच मिळतं. त्यापेक्षा "तिसऱ्या चढाईनंतर सारखा डाव्या कोपऱ्यातच का जात होतास?" असं विचारून बघा. मुलगा अहिराणी बोलणारा असेल तर अहिराणीतच विचारा, तो खुलतो. मात्र त्याचं बोलणं मराठीत आणताना त्याच्या तोंडी 'संघभावना' आणि 'जिद्द' घालू नका. तो म्हणाला होता, कोपऱ्यातला गडी लंगडत होता.

एवढं करूनही चूक छापून आलीच तर खेळाडूचा फोन यायची वाट बघू नका. आधी डेस्कला कळवून दुरुस्ती मागा, मग त्याला स्वतः फोन लावा. वळवीला फोन करायला मला तीन दिवस लागले. तो म्हणाला, "दादा, आईनं कात्रण भिंतीला लावलंय. काना पेनानं खोडलाय."