‘लग्न झालंय का?’ : लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कशी करून घ्यावी

केसपेपरवरच प्रश्न येतो, लग्न झालंय का? ‘नाही’ म्हटलं की ही तपासणी बऱ्याचदा तिथेच बारगळते. त्यात आपलाही एक गैरसमज भर घालतो : पुरुषाशी संबंध नाही, मग गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याला कशाला होतोय! हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि तो विषाणू कातडीच्या स्पर्शातून पसरतो. जननेंद्रियांचा थेट स्पर्श, बोटं, सेक्स टॉय यांतून तो एका बाईकडून दुसरीकडे जाऊ शकतो. शिवाय घरच्यांनी लावून दिलेल्या, मग मोडलेल्या लग्नातला संसर्ग वर्षानुवर्षं गप्प बसलेला असू शकतो.

१. वय बघा. तिशी आली की सुरुवात करा. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून.

२. तपासणी निवडा. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर 5 वर्षांनी ‘व्हीआयए’ होते. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, पातळ करून गर्भाशयमुखाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. संशयास्पद भाग पांढरा पडतो. निकाल लगेच कळतो, पण पाळी कायमची बंद झाल्यावर या तपासणीचा फारसा भरवसा नाही. परवडत असेल तर एचपीव्ही डीएनए चाचणी, म्हणजे तो विषाणू आहे का हे शोधणारी चाचणी, करा. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले : ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. चाचणी निगेटिव्ह आली तर पुढची 5 ते 10 वर्षांनी.

३. डॉक्टरांना काय सांगायचं? नातं जाहीर करायची सक्ती नाही. एवढं पुरतं : “माझे शारीरिक संबंध आहेत, मला गर्भाशयमुखाची तपासणी करायची आहे.” विश्वास वाटला तर जोडीदार बाई आहे हेही सांगा. योनीत कधी काही गेलं नसेल, किंवा दुखण्याची भीती असेल, तर तसं आधीच बोला आणि लहान स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं उपकरण) मागा. एचपीव्हीसाठी नमुना स्वतः घेता येतो का, हेही विचारा. काही ठिकाणी ती सोय असते. दुखलं तर “थांबा” म्हणायचा हक्क तुमचाच. आणि डॉक्टर उपदेश करायला लागले तर उठा, दुसरे शोधा.

४. दिवस ठरवा. पाळी नको. आधीचे दोन दिवस योनीत औषध, क्रीम, टॉय काही नको.

५. पॉझिटिव्ह आलं तर तो कर्करोग नव्हे. पुढची पायरी बहुधा कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून नीट बघणं. संसर्ग कुणाकडून आला यावरून जोडीदाराशी भांडू नका, ते शोधून काढता येत नाही.

एचपीव्हीच्या लसीचं वय 9 ते 26. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅकही त्यासाठीच आहे. लस घेतली तरी तपासणी चुकवायची नाही.

त्याच खेपेला स्तनांचीही तपासणी करून घ्या. मूल न झालेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा जास्त असतो, आणि आपल्यात अशा पुष्कळ आहेत. गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, रक्ताळ स्राव दिसला तर पुढच्या खेपेची वाट बघू नका.