कानाच्या नसेवरची गाठ आणि अमेरिकी सैन्यातली नोकरी: भरपाईचा दावा कसा मांडावा

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘अकूस्टिक न्यूरोमा’, म्हणजे कानाच्या नसेवरची गाठ, हे शब्द वाचल्यावर, गाठ कॅन्सरची नाही हे कळून जीव थोडा भांड्यात पडतो. मग अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या माणसाच्या मनात येतं, ‘इतकी वर्षं तोफांच्या शेजारी काढली, त्याचंच हे.’ व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकी सरकारी खात्याकडे, करायचा भरपाईचा दावाही तसाच लिहिला जातो आणि पुष्कळदा तिथेच फसतो. मोठ्या आवाजाचा या गाठीशी संबंध आहे का, यावर संशोधकांचं एकमत नाही. २००६ च्या एका स्वीडिश अभ्यासात संबंध दिसला, नंतरच्या काही अभ्यासांत दिसला नाही.

पण कायदा फक्त ‘कशामुळे’ एवढंच विचारत नाही. आजार नोकरीच्या काळात सुरू झाला, एवढं दाखवता आलं तरी पुरतं. ही गाठ फार हळू वाढते, सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर, आणि कित्येकदा वर्षानुवर्षं वाढतही नाही. म्हणजे आज सापडलेली गाठ गणवेशात असतानाच रुजलेली असू शकते. आवाजाचा मुद्दा सोडू नका, पण भर ‘कधी सुरू झाली’ यावर द्या.

आधी तारीख राखून ठेवा. कागद जमवायला महिने लागतात. म्हणून आजच फॉर्म २१-०९६६ भरून दावा करण्याचा इरादा कळवा. पुढच्या वर्षभरात पूर्ण दावा दाखल केलात आणि तो मंजूर झाला, तर भरपाई साधारणपणे या तारखेपासून धरली जाते.

जुने ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचे आलेख, शोधा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हाच. डीडी-२१४ (सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला) सोबत सैन्यातली संपूर्ण वैद्यकीय फाइल मागवा. सैनिकांच्या जुन्या फाइली ठेवणाऱ्या सेंट लुईसच्या अभिलेखागारात १९७३ साली आग लागली आणि लष्कर व हवाई दलाच्या लाखो जुन्या फाइली जळाल्या. तुमची त्यात गेली असेल तर तसं लेखी उत्तर घ्या आणि दाव्याला जोडा.

फाइल मिळाली की भरतीच्या वेळची, मधली आणि निवृत्तीची चाचणी शेजारी-शेजारी ठेवा आणि डाव्या-उजव्या कानाचे आकडे ताडून बघा. आवाजाने होणारं नुकसान बहुधा दोन्ही कानांना होतं. एकच कान घसरत गेलेला दिसला, तर ती गाठीची खूण असू शकते. ‘एका कानात शीळ वाजते’, ‘तोल जातो’ अशी एखादी ओळ कुठे खरडलेली असेल, तर तिच्यावर खूण करा. निवृत्तीच्या वेळी ऐकणं ठीक होतं म्हणून हताश होऊ नका. तेवढ्यावरून दावा बाद होत नाही, हे माजी सैनिकांच्या दाव्यांवरची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट केलंय.

घरच्यांना आणि सोबत्यांना लिहायला सांगा. त्यासाठी फॉर्म २१-१०२१० आहे. आजाराचं निदान त्यांनी करायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं: कोणत्या वर्षापासून फोन नेहमी दुसऱ्याच कानाला लागायचा, जेवताना कोणती बाजू धरून बसावं लागायचं. कानातल्या आवाजाबद्दल तुमचं स्वतःचं निवेदनही पुरावा म्हणून चालतं.

डॉक्टरांचं पत्र. दावा इथेच तरतो किंवा बुडतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ, शक्यतो न्यूरोटॉलॉजिस्ट (कान आणि त्याच्या नसांचे तज्ज्ञ) गाठा आणि वरचे सगळे कागद त्यांच्या हाती द्या. पत्रात ‘ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट’ हे शब्द हवेत, म्हणजे शक्यता किमान पन्नास टक्के. ‘असू शकेल’ हे चालत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारण सांगायला हवं: निदानाच्या वेळी गाठ इतक्या मिलिमीटरची, वाढीचा वेग इतका, अमुक साली एकाच कानाची श्रवणशक्ती घटलेली, म्हणून सुरुवात त्याच काळातली. कारणाशिवायच्या मताला वजन नसतं.

सैन्य सोडून वर्षही झालं नसताना लक्षणं दिसली असतील तर वाट सोपी आहे. मेंदू, मज्जारज्जू आणि परिघीय नसांवरच्या गाठी, साध्या असल्या तरी, नोकरीमुळेच झाले असं गृहीत धरल्या जाणाऱ्या आजारांच्या यादीत आहेत आणि कानाची नस त्यात मोडते असं मांडता येतं. अणुचाचण्यांच्या जागी काम केलेल्यांनी किरणोत्सर्गाचा मुद्दाही जरूर लिहावा. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये नसेवरच्या अशा गाठी जास्त आढळल्या आहेत.

मुख्य फॉर्म २१-५२६ईझेड. नुसतं गाठीचं नाव लिहून थांबू नका. ऐकू कमी येणं, कानातला आवाज, तोल जाणं, शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल तर तीही, सगळं वेगवेगळं लिहा. प्रत्येक त्रासाला अपंगत्वाची टक्केवारी वेगवेगळी लागते.

हे काम डीएव्ही, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट करून देतात. पहिल्या दाव्यासाठी कुणी पैसे मागितले तर उठून चालू पडा, कायद्याने तशी फी घेता येत नाही.

नकार आला तर हाती एक वर्ष असतं. निर्णयपत्र बारकाईने वाचा. व्हीएच्या तपासणी डॉक्टरांनी ‘आवाजामुळे झालेली नाही’ एवढंच लिहून सुरुवात कधी झाली यावर मौन पाळलं असेल, तर फॉर्म २०-०९९६ ने वरिष्ठांकडून फेरतपासणी मागा आणि नेमकं हेच दाखवून द्या. तिथे नवा पुरावा घेत नाहीत. डॉक्टरांचं नवं पत्र जोडायचं असेल तर फॉर्म २०-०९९५ भरा.