विधानसभेसाठी ऑनलाइन लोकवर्गणी: आधी खाते, मग क्यूआर

लोकवर्गणीवर विधानसभा लढवणाऱ्या अपक्ष उमेदवाराने आधी बँकेत जावे, पोस्टरवाल्याकडे नंतर. निवडणूक खर्चाचे खाते स्वतंत्र हवे, आणि उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले हवे. खाते क्रमांक अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवायचा असतो. खाते उमेदवाराच्या एकट्याच्या नावाने किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त चालते. बायको किंवा भाऊ स्वतः प्रतिनिधी नसतील, तर त्यांच्यासोबतचे संयुक्त खाते चालत नाही.

नियम एका दिवसाचा असला तरी आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. नव्या खात्यावर यूपीआय आणि क्यूआर कोड सुरू व्हायला वेळ जातो, आणि याच घाईत एखादा कार्यकर्ता स्वतःच्या मोबाइलचा क्यूआर ग्रुपवर टाकतो. दोन दिवसांत त्याच्या खात्यात वर्गणी, पगार आणि किराण्याचे पैसे एकत्र होतात. मग कुठला रुपया कुणाचा, हे सोडवताना नाकी नऊ येतात.

देणगीदाराकडून पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक घेतल्याशिवाय पैसे घेऊ नका. ‘एक हितचिंतक’ हिशेबात चालत नाही. फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न हवाच: भारतीय नागरिक आहात का? न्यू जर्सीत राहणारा भारतीय पासपोर्टधारक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकतो. शेजारच्या ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या) कार्डवाल्याने मात्र अमेरिकी नागरिकत्व घेतलेले असते, आणि २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याने उमेदवाराला त्याचे पैसे घेता येत नाहीत. तो सख्खा शाळासोबती असला तरी नम्रपणे नाही म्हणा.

सगळ्यात जास्त घोळ पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून शुल्क कापून खात्यात जमा करणाऱ्या सेवेच्या, हिशेबात होतो. समजा ३०० जणांनी ५०० रुपये दिले, म्हणजे दीड लाख. शुल्क २ टक्के धरले तर ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. खात्यात १,४६,४६० येतात आणि पासबुकात दिसते एकच ओळ. देणगीदारापुढे पूर्ण ५०० लिहा, ३,५४० वेगळे दाखवा, आणि गेटवेचा तपशील त्याच रात्री उतरवून त्या ओळीला जोडा. आठवड्याने बसलात तर मेळ लागत नाही.

उमेदवाराने ठेवायच्या निवडणूक खर्चाच्या नोंदवहीची पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. पदरचा पैसाही आधी याच खात्यात भरायचा. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा संस्थेला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, आणि त्याहून मोठी देणगी रोखीत घेताही येत नाही.

महाराष्ट्रात खर्चमर्यादा ४० लाख आहे, गोव्यात २८ लाख. आमचा सल्ला: ऑनलाइन उद्दिष्ट ३६ लाखांच्या वर ठेवू नका. कारण निवडणूक यंत्रणेचे खर्च पथक तुमच्या खर्चाची समांतर नोंद ठेवते; त्या छाया नोंदवहीत ते मंडप, खुर्च्या, गाड्या जिल्ह्याच्या दरपत्रकाने धरते. तुम्हाला खुर्ची स्वस्तात मिळाली असली तरी तिथे आकडा मोठा दिसू शकतो. अर्जाआधी छापून नंतर वाटलेली पत्रकेही खर्चात येतात. वर्गणीचा क्यूआर असलेल्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता हवाच. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीला आधी प्रमाणपत्र लागते, आणि ती बनवणाऱ्या पोरांचे मानधनही खर्चात धरतात.

‘करात सूट मिळेल’ असे कुणालाही सांगू नका. ती सूट नोंदणीकृत पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला दिलेल्या देणगीवर आहे, उमेदवाराला दिलेल्या पैशांवर नाही. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम मिळाली तर ती उमेदवाराचे उत्पन्न ठरू शकते, म्हणून मोहीम सुरू करण्याआधी सीएला भेटा.

निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब, बिले आणि बँकेचे विवरणपत्र जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. हे डिपॉझिट गेलेल्या उमेदवारालाही चुकत नाही. सबळ कारणाशिवाय हिशेब न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो.