कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचा डाव कसा बघायचा
मे-जूनमध्ये जवळच्या झाडावर कावळ्याचं घरटं दिसलं की गॅलरीतूनच दुर्बिणीने बघा, झाडाखाली घुटमळू नका, कावळे माणसं ओळखतात आणि मग डोक्यावर झडप घालतात. काळा, लाल डोळ्यांचा कोकीळ जवळ येऊन ओरडला की कावळे त्याच्यामागे लागतात, तेवढ्यात तपकिरी, ठिपकेवाली मादी पटकन अंडं घालून जाते, म्हणून नजर घरट्यावरच ठेवायची, किती हुशारी आहे बघा! कोकिळेचं अंडं साधारण १२-१४ दिवसांत फुटतं, कावळ्याचं १६-१७, त्यामुळे तिच्या पिल्लाला आधी खायला मिळतं. पण ते कावळ्याची पिल्लं सहसा बाहेर ढकलत नाही हां. नंतर फांदीवर ठिपकेवाल्या पिल्लाला कावळा भरवताना दिसला तर लांबूनच व्हिडिओ काढा.