अणुभट्टीचा मेसेज आला की आधी एकक बघा

राजापुरात दिलेल्या भाचीचा फोन येतो तो बहुधा रात्री साडेनऊनंतर. "आत्या, कुठेतरी गळती झाली म्हणे. खरं का गं?" जैतापूर तिच्या सासरहून जवळच. तिथे अजून अणुभट्टी नाही, सहा मोठ्या भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. पण घोर मात्र आत्तापासून.

मी पुण्यात एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. तिला 'खरं' किंवा 'खोटं' असं मी सांगत नाही. म्हणते, वही घे.

'किरणोत्सर्ग वाढला' हे वाक्य बिनकामाचं. आकडा कुठाय, आणि आकड्यापुढे काय लिहिलंय? बेकरेल की सिव्हर्ट? फोडणीत सेकंदाला किती मोहऱ्या तडतडल्या, ते बेकरेल. तुमच्या हाताला किती चटका बसला, ते सिव्हर्ट. नुसत्या बेकरेलवरून चटका कळत नाही. मग बघा मिली की मायक्रो. तिथे हजारपटीचा फरक पडतो. आणि ताशी की वर्षाला? परवाच्या मेसेजात 'ताशी ०.३ मायक्रोसिव्हर्ट' होतं, पुढे लाल उद्गारचिन्हं. भाचीला गुणाकार करायला लावला: वर्षाचे ८७६० तास, म्हणजे झाले साधारण २.६ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिळतातच. उद्गारचिन्हं तिनेच खोडली. मात्र अणुऊर्जा केंद्रामुळे सामान्य माणसाला यावर वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, ही मर्यादा तिला पाठ करायला लावली.

मग पातळी विचारायची. अणुकेंद्रातल्या घटना मोजायची आंतरराष्ट्रीय पट्टी ० ते ७ अशी आहे आणि दर पायरीला गांभीर्य सुमारे दहापट. चेर्नोबिल आणि फुकुशिमा ७. आपल्याकडे १९९३ साली उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबली जळाल्या, केंद्रात मिट्ट काळोख झाला. कामगारांनी हाताने व्हॉल्व्ह उघडून भट्टी बंदच राहावी म्हणून बोरॉनचं द्रावण सोडलं. ती ३. 'भारतात कधी काही झालंच नाही' म्हणणाऱ्याला हे साल सांगावं.

आता बोलतंय कोण ते बघा. भट्टी चालवतं ते अणुऊर्जा महामंडळ आणि तपासते ती एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ साली स्थापन झालेलं. तपासणारा पुरेसा स्वतंत्र आहे का, हा प्रश्न कॅगनेच २०१२च्या अहवालात काढला होता, त्यामुळे शंका घेणारा अडाणी असतो असं मानू नका. मी तर मोठ्या आश्वासनांपेक्षा बारीक घटना वाचते. २००९ साली कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, मिसळलेलं निघालं. कळलं कसं? कामगारांच्या नेहमीच्या लघवी-तपासणीतून. तपासणी चालू होती ही जमेची बाजू. कूलरपर्यंत ते पोचलं ही खर्चाची. दोन्ही लिहून ठेवायच्या. आई पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ला, नारायण पेठेतून नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली. पाण्याचा राग तिने कधी धरला नाही. वेळेवर कुणी सांगितलं नाही, याचा मात्र शेवटपर्यंत धरला.

माहिती अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपये फी, उत्तराची मुदत तीस दिवस. 'केंद्र सुरक्षित आहे का?' असं विचारू नका. मत मिळत नाही, कागद मिळतो. 'अमुक काळातल्या घटनांच्या अहवालांच्या प्रती' मागा. सुरक्षेचं कारण देऊन काही नाकारतील, त्यावर अपील करता येतं.

आणि सराव पुण्यातच होतो. एक्स-रे यंत्रांवरही एईआरबीचंच नियंत्रण असतं. गुडघ्यासाठी पेठेतल्या एका सेंटरवर गेले तेव्हा परवाना मागितला. काउंटरवरची मुलगी गोंधळली. "काकू, तो सरांकडे असेल." दहा मिनिटांनी ड्रॉवरमधून फ्रेम निघाली, पावत्यांच्या गठ्ठ्याखालून. मुदत चालू होती.

"भिंतीवर का नाही लावत?"

"आजवर कुणी मागितलाच नाही," म्हणाली, आणि ओढणीने काच पुसून खिळा कुठे आहे ते बघायला लागली.