मोडी शिकायची तर आधी विद्यार्थी व्हा
चाळीस वर्षे मराठी वाचणाऱ्यालाही जुन्या मराठी कागदपत्रांच्या मोडी लिपीतला पहिला कागद निरक्षर करून सोडतो, आणि तो कमीपणा निमूटपणे पत्करण्याची तयारी असेल तरच पुढे जावे. वहीत प्रथम संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढून घ्यावी व मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जावे. रोज दहा ओळी पुरेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्दांमध्ये अंतरही सोडत नाहीत, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरूनच ठरवावे लागते (शुद्धलेखनाचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे फार जड जाते). अडलेला शब्द अंदाजाने रेटून न नेता त्याखाली खूण करावी आणि जाणकाराला विचारावे, मग तो वयाने कितीही लहान असो.