साठ हजाराची ‘डी’ची गोळी: या चुका टाळा

मराठवाड्याच्या उन्हात राहूनही तपासणीत अनेकांचं ‘डी’ जीवनसत्त्व कमी निघतं. मग ६०,००० युनिटची गोळी लिहून मिळते: आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, पुढे लागलीच तर महिन्याला एक.

घोळ इथंच होतो. शुगर-बीपीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज दुधासोबत सुरू होते. चार गोळ्यांचं पाकीट महिनाभर पुरायला हवं, ते चार दिवसांत संपतं. मेडिकलवाला ओळखीचा असला की दुसऱ्या पाकिटाला चिठ्ठीही लागत नाही. अशानं महिन्यात १८ लाख युनिट पोटात जातात. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिटची, आणि डॉक्टरांना न विचारता रोज ४,००० च्या वर जाऊच नये.

जास्तीचं क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं. डी मात्र चरबीत साठतं. गोळी बंद केली तरी असर कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहतो. त्यामुळे रक्तात कॅल्शियम वाढतं. मग तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, गळून जाणं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ही लक्षणं सांगितली की उत्तर ठरलेलं: ऊन लागलंय, कांदा खा, लिंबूपाणी घ्या. मुतखडा झाला तर खापर बोअरच्या पाण्यावर. घाम भरपूर, पाणी कमी आणि त्यात वाढलेलं कॅल्शियम, म्हणजे किडनीवर तिहेरी मार. गोळ्यांचा संशय कुणाला येतच नाही.

दुसरी चूक बेरजेची. डीचं इंजेक्शन एका डॉक्टरकडून (त्यात ६ लाख युनिटसुद्धा असतात), गोळी दुसऱ्याकडून, वर कॅल्शियमची गोळी, आणि त्या गोळीतही बहुतेकदा डी असतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिच्यातले काही प्रकार कॅल्शियम शरीरातच अडवून धरतात. बाळाच्या थेंबांचंही तेच. एका बाटलीत १ मिलीला ४०० युनिट, दुसरीत ८००. बाटली बदलली की लेबल वाचा.

उन्हाला मात्र घाबरू नका. शेतात दिवसभर राबलं तरी डी जास्त होत नाही; जादाचं कातडीच मोडून टाकते. (ऊन लागतं ते वेगळं.)

डीच्या रिपोर्टमध्ये आकड्यापुढचं एकक बघा. लिटरमागे ७५ नॅनोमोल म्हणजे मिलीमागे ३० नॅनोग्रॅमच, म्हणजे ठीक. १०० नॅनोग्रॅमच्या वर जास्त, १५० च्या वर विषबाधेचा धोका.

शंका आली तर डी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासून घ्या. उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा छातीत धडधड असेल तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा. जाताना रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घाला. ‘हाडाची गोळी घेत होते’ एवढ्यावरून डॉक्टरांना डोस कळत नाही.